एक पापलेट पोरीला

बाबांना जाऊन महिना झाला. आज मी मनोरीच्या मच्छीमार सोसायटीत सभासदांच्या यादीतून त्यांचं नाव कमी करायला गेले होते.

आमची सोसायटी मासळीची नोंद ब्लॉकचेनवर ठेवते. प्रत्येक बोटवाल्याच्या फोनमध्ये तिची प्रत असते. एकदा लिहिलेलं कुणालाच पुसता येत नाही, चुकलं तर खाली नवीन नोंद करायची.

बाबा रोज नोंदीत लिहायचे, ‘एक पापलेट पोरीला.’

मी ओरडायचे, "बाबा, घरचं कशाला लिहिता? हे कायमचं राहतं!"

"मग राहू दे ना गो."

आज निघताना शेजारच्या बोटीवरच्या काकांनी हातात पिशवी दिली. आत एक पापलेट.

"तुझ्या बापाने लिवलंय. माझ्या फोनमध्ये पण हाय."

यार, जेट्टीवरच बसून रडले. तुम्ही कधी आपल्या माणसाला असं काही लिहू नका म्हणून सांगितलंय?