एकशे तेहेतीसचे एकशे चाळीस

चौदा वर्षं आमचा कॉम्प्युटर हळू चालत होता आणि घरात सगळे सुखी होते. मग पल्लवीच्या इंटरव्ह्यूच्या आदल्या दिवशी मी तो जलद केला.

पल्लवी माझी मुलगी. नोकरी होती लोकांच्या बिघडलेल्या कॉम्प्युटरच्या तक्रारी फोनवर ऐकून सोडवायची. काम घरून, इंटरव्ह्यूही घरून, कॅमेऱ्यासमोर. मोबाईल चालणार नाही, कॉम्प्युटरच पाहिजे, अशी अट. तीन ठिकाणी नकार ऐकलेली पोरगी आठवडाभर आरशासमोर उत्तरं घोकत होती. आणि आमचा कॉम्प्युटर कसा? ती पाचवीत असताना गोंदियाहून सीपीयूचा तयार डबाच उचलून आणलेला. बटण दाबावं, चहा मांडावा, पिऊन कप विसळावा, तेव्हा कुठे पडद्यावर चित्र!

मला तिची दया आली. (बापाला दया आली की घरच्यांनी सावध व्हावं.)

मी मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका राइस मिलमध्ये फोरमन. आमच्याकडे यंत्र हळू वाटलं, तर मोटरवर एक साइज मोठी पुली घालतात. मोबाईलवर एका पोराचा व्हिडिओ पाहिला, कॉम्प्युटरचंही तेच! चालू होताना एक बटण दाबत राहिलं की निळा पडदा येतो, तिथला एक आकडा वाढवला की आतला प्रोसेसर जोरात पळतो. ‘बस, थोड़ा सा,’ असं तो पोरगा चार वेळा म्हणाला. मी थोडंसंच केलं. एकशे तेहेतीसचे एकशे चाळीस. सात आकड्यांनी कोणाचं काय बिघडतं?

इथवर ठीक होतं. पण मिलमध्ये पॅनेलची सेटिंग केली की पेटीला कुलूप ठोकायचं, नाहीतर दुसऱ्या पाळीवाला त्यात बोट घालतो. तीस वर्षांची सवय! निळ्या पडद्यावर पासवर्डची सोय दिसली आणि मी ठोकलं कुलूप. पॅनेलची किल्ली माझ्या करगोट्याला असते. पासवर्ड करगोट्याला बांधता येत नाही, हे मला नंतर कळलं.

चहाला आधण येण्याआधी कॉम्प्युटर चालू झाला. मी बायकोला हाक मारली.

“सुनंदा, पाय! कसा पळून राह्यला!”

“तुमी हात लावला का त्याले?” तिनं पडद्याकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं.

“थोडासाच.”

“देवा!” ती म्हणाली आणि देवघराकडे गेली.

बाजारातून माईकवाला कॅमेरा आणि स्पीकर घेऊन पल्लवी आली. खुश झाली, बसली, कॅमेरा सुरू करून पाहिला. सात मिनिटं झकास. आठव्या मिनिटाला ‘टप्’. पडदा काळा. डब्याला हात लावला, तर पोळी शेकता आली असती.

“बाबा, काय केलं तुमी?”

“मी? काहीच नाही! मे महिना आहे पोरी. माणसं पडून राह्यली, त्याले गरम नाही होणार का?”

हे खोटं मी इतक्या सहज बोललो की मलाच खरं वाटलं. गुपचूप आकडा पूर्ववत करायला गेलो, तर पडद्यानं पासवर्ड मागितला. माझं नाव टाकलं, नाही. माझ्या मायचं टाकलं, नाही. सुनंदाचं टाकलं, तेही नाही. (हे तिला आजवर सांगितलेलं नाही.) आतली गोल बॅटरी काढली की सगळं पहिल्यासारखं होतं, हे त्याच व्हिडिओत होतं. मी डब्याचे स्क्रू काढायला पेचकस उचलला, तशी पल्लवी ओरडली, “आता कशालेच हात लावाचा नाही! सकाळी अकराले इंटरव्ह्यू आहे माझा!”

सकाळी मायनं, म्हणजे माझ्या ऐंशीच्या आईनं, डब्यावर हात ठेवून निदान केलं, “लू लागली याले.” आणि उन्हाच्या झळेवर उतारा म्हणून डब्यावर चार कांदे ठेवले. पाचवा माझ्या खिशात घातला, मीही तापलेला दिसत होतो म्हणून.

मी म्हटलं, उपाय यंत्राचाच पाहिजे. खिडकीतला कूलर उतरवला, डब्याची एक बाजू उघडली आणि कूलर त्याच्या तोंडाशी लावला. पाण्याचा पंप बंद, फक्त पंखा. आवाज असा, की शेजारच्या काकू अंगणातून म्हणाल्या, “ट्रॅक्टर घेतला का जी?” पण डबा थंड राहिला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस! पल्लवी पहिल्यांदा हसली. मला वाटलं, सुटलो.

अकरा वाजता पडद्यावर एक साहेब आणि एक मॅडम आल्या. पल्लवी सुरेख बोलत होती. मी कॅमेऱ्याच्या बाहेर भिंतीला चिकटून उभा. तेवढ्यात माय आली. कोरडी हवा येऊन राहिली, असं तिच्या लक्षात आलं, आणि नातीवरच्या मायेनं तिनं पंप सुरू केला!

कूलरनं डब्यावर पहिली फवारणी केली. मी जिवाच्या आकांतानं कोपऱ्यातलं सूप उचललं आणि कूलर आणि डबा यांच्यामध्ये आडवं धरून बसलो. पाणी अडलं. हवाही अडली. आणि हे करताना मी पूर्ण कॅमेऱ्यात आलो: बनियान, लुंगी, हातात सूप, मागे चार कांदे.

साहेब बोलता बोलता थांबले. “पीछे कौन हैं?”

“मेरे पापा हैं, सर,” पल्लवी शांतपणे म्हणाली. तिच्या मानेवरचा घाम मला दिसत होता. पोरीच्या नोकरीवर मी स्वतः पाणी ओतत होतो, आणि मला खरंच रडू यायला लागलं.

मॅडमनी पुढचा प्रश्न विचारला, “मान लीजिए, कस्टमर ने कंप्यूटर में खुद कुछ कर दिया है और बता नहीं रहा. आप क्या करेंगी?”

पल्लवीनं एकदा स्क्रीनकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

“मॅडम, डाँटूँगी नहीं. प्यार से पूछूँगी.” आणि ती खुर्चीत माझ्याकडे वळली. “बाबा, मी चिडत नाही. नेमकं काय केलं तुमी?”

“काहीच नाही.”

“बरं. काहीच नाही करताना कोणतं बटण दाबलं?”

“...एकशे तेहेतीसचे एकशे चाळीस केले,” मी सुपाआडून बोललो.

“अन् परत काहून नाही केले?”

“पासवर्ड टाकला.”

“काहून?”

“कोणी छेडू नये म्हणून.”

पडद्यावरच्या मॅडमना मराठी कळत असावं, त्या टेबलावर डोकं ठेवून हसत होत्या. साहेबांनी विचारलं, “और ये प्याज?” पल्लवीनं तोंड उघडलं आणि ‘टप्’. हवा अडली होती ना! पडदा काळा.

मायनं पंप बंद केला. पल्लवी उठून आत गेली आणि मी सूप धरून तसाच बसून राहिलो. कारण खाली ठेवलं असतं, तर तोंड दाखवावं लागलं असतं.

दुपारी तिचा फोन वाजला. ती “जी मॅडम, जी मॅडम” करत अंगणात गेली आणि नाचत आली. निवड झाली! मॅडम म्हणाल्या होत्या, “ऐसे कस्टमर के साथ जो बड़ी हुई है, उसे हम क्या सिखाएँगे?”

पंधरा दिवसांनी कंपनीचा लॅपटॉप आला. सोबत भरायचा एक फॉर्म. त्यात एक रकाना होता, घरात या यंत्राला कशापासून धोका आहे? आग, पाणी, वीज, उंदीर, यांपुढे पल्लवीनं ‘नाही’ लिहिलं. ‘इतर’पुढे तिनं क्षणभरही विचार न करता लिहिलं, ‘वडील’.

खाली साक्षीदाराची सही पाहिजे होती. घरात मीच रिकामा होतो. केली!