खुनी कोण, कप कोण धुणार?

चार माणसं दर रविवारी एका टीव्हीसमोर थ्रिलर बघायला बसली की किस्से आपोआप साचतात. आमच्याकडे तर ते खरकट्या कपांपेक्षा जास्त झालेत!

जागा समता कॉलोनीतला विमलताईंचा हॉल. विमलताई शाळेतून रिटायर झालेल्या सुपरवायझर. सोबत त्यांची मुलगी ऋचा, मेडिकल स्टोअरवाले दिलीपभाऊ आणि शेजारीण मी. दुपारी पडदे ओढायचे, मांडीवर मुर्र्याची, म्हणजे चुरमुऱ्यांची, ताटली घ्यायची. इंटरव्हलला सिनेमा थांबवून चहा घ्यायचा आणि प्रत्येकानं खुनी सांगायचा. ज्याचा अंदाज चुकला, त्यानं कप धुवायचे.

विमलताईंनी आजवर एकही कप धुतलेला नाही!

*

एका सिनेमात पोलीसवाला बायकोचा फोटो दाखवत म्हणाला, "उद्या रिटायर होतोय, बायकोला फिरायला नेईन."

"गेला तो!" विमलताई म्हणाल्या. पाच मिनिटांत गेलाच बिचारा.

पुढच्या महिन्यात दिलीपभाऊंचे साळे, म्हणजे बायकोचे भाऊ, पोलीस खात्यातून रिटायर होणार होते. विमलताईंनी त्यांना फोन लावला. "शेवटच्या दिवशी ड्युटीवर जाऊ नका. अन् कोणाले बायकोचा फोटो तर बिलकुल दाखवू नका!"

साळेसाहेबांनी हसून फोन ठेवला. आणि त्या दिवशी सुट्टी टाकली.

*

एकदा सिनेमा रंगात आला असताना लाइट गेली. त्याच वेळी विमलताईंच्या किचनमध्ये भांडं वाजलं.

"मी बघून येतो," दिलीपभाऊ उठले.

"एकटे जाऊन राहिले काय? सिनेमा पाहून काही शिकले नाही तुम्ही!" विमलताई ओरडल्या. मग आम्ही चौघं एकमेकांचे पदर, शर्ट धरून निघालो. पुढे वायपर घेऊन दिलीपभाऊ.

ओट्यापाशी माझा नवरा उभा होता, मागच्या दारानं येऊन विमलताईंचा फोडणीचा भात खात. "घराची चावी तुझ्यापाशी. मी काय उपाशी मरू?"

*

सिनेमातल्या अंधाऱ्या खोलीत कपाट उघडलं की आतून मांजर उडी मारणार, हे ठरलेलं. तरी दर वेळी आम्ही दचकतो आणि मुर्रा हॉलभर उडतो.

एकदा दिलीपभाऊंनी कपाटाचा सीन यायच्या आधीच ताटली गुपचूप खाली ठेवली.

विमलताईंनी सिनेमा थांबवला. "दिलीपभाऊ, हा पिच्चर तुम्ही पाहून आले! काहून लबाडी करता?"

दिलीपभाऊंनी महिनाभर कप धुतले.

*

आणि मग आला समीर. अभनपूरचा, ऋचाच्या ऑफिसातला. ऋचाला त्याच्याशीच लग्न करायचं होतं, पण विमलताई अडून बसल्या होत्या.

"पोट्टा लय गोड बोलते. पिच्चरमध्ये जो सगळ्यात गोड, जो सगळ्यायले पाणी आणून देते, तोच खुनी निघते!"

"मम्मी, ये पिक्चर नहीं है," ऋचा रडकुंडीला आली. शेवटी ठरलं, समीरला एका रविवारी बोलवायचं. त्या दिवशी त्याला पारखून विमलताई हो की नाही ते सांगणार.

"ज्यादा स्वीट मत बनना," ऋचानं त्याला दारातच बजावलं. पठ्ठ्यानं आत येऊन सगळ्यांना पाणी आणून दिलं! मी कपाळाला हात लावला.

"हा पिच्चर पाहिला तर नाही न?" विमलताईंनी विचारलं.

"नाही, काकू."

सिनेमा सुरू झाला. हिरॉइन कपाटाकडे निघाली. समीरनं शेजारी बसलेल्या विमलताईंच्या ताटलीवर हळूच हात धरला. दुसऱ्या क्षणी मांजर! आमचा मुर्रा छताला. विमलताईंचा एक दाणा सांडला नाही.

विमलताईंनी त्याच्या हाताकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. सिनेमा काही थांबवला नाही.

इंटरव्हलला त्या म्हणाल्या, "डॉक्टर." भीतभीत आम्हीही डॉक्टरच म्हणालो.

"माळी," समीर म्हणाला.

दिलीपभाऊंना ठसका लागला. कुऱ्हाड घेऊन फिरणारा माळी खुनी नसतो, हे आमच्याकडे लहान पोरंही सांगतील! ऋचानं डोळे मिटून घेतले.

खुनी डॉक्टरच निघाला. समीर मुकाट्यानं कप गोळा करून किचनमध्ये गेला. नळ सुरू झाला. ऋचा आईकडे बघेना.

विमलताई उठल्या, आत गेल्या आणि त्याच्या हातातला कप काढून घेतला.

"हो बाजूले. जावई कुठं कप धुते काय?"