गाडीची खांदेमळणी

नवऱ्यानं कुठं कुठं फिरवून आणलं, असं चन्नबसम्माला कुणी विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं: "येलदरीच्या उतारापस्तोर." यात खोटं काही नाही. जिंतूरहून येलदरीच्या रस्त्याला लागलं की शिवाप्पाचं पत्र्याचं गॅरेज लागतं. ब्रेकचं काम केलेली गाडी मालकाला देण्याआधी तो बायकोला शेजारी बसवून उतारावर नेतो. "माज्या माणसाला बसवायची छाती व्हत नसंल, तर दुसऱ्याच्या माणसाला कसं बसवू?" असं त्याचं म्हणणं. चन्नबसम्मा तव्यावरची भाकरी उतरवते, पदराला हात पुसते, कुरकुरते, पण येते.

त्याचा दुसरा नियम असा, की ब्रेक खोलताना मालकानं समोर बसायचं. "इंजिन बिगडलं तर गाडी हुबी राहती. ब्रेक बिगडला तर राहत न्हाई. बगून घ्या." घाई असलेल्या माणसानं दुसरं गॅरेज बघावं.

गेल्या साली पोळा होऊन थोडेच दिवस झाले असतील. येलदरीकडच्या एका खेड्यातला भुजंग आपली जुनी पांढरी गाडी हळूहळू चालवत आला. मागं त्याची आई कमलबाई तोंडाला पदर लावून बसलेली. भुजंग उतरला तो तावातच.

"आप्पा, ब्रेक दाबला की गाडी उजवीकडं पळायली. काल समोरून ट्रक आलता, थोडक्यात वाचलो. बगा काय व्हतंय, न्हाईतर इकून मोकळा व्हतो. बैलं गेली तसं हेबी जाऊ द्या."

कमलबाईचा चेहरा पडला. बैल विकल्यापासून गोठ्यात हीच गाडी उभी असायची. सकाळी उठून गोठ्याकडं बघायला म्हातारीला तेवढंच कारण उरलं होतं.

शिवाप्पानं गळ्यातलं इष्टलिंग बनियनच्या आत सरकवलं, जॅक लावला आणि पुढचं डावं चाक काढलं. आतली चकती तेलकट झालेली. तिला दोन्हीकडून चिमट्यात धरणारा तो लोखंडी पंजा, ज्याला कॅलिपर म्हणतात, त्याच्यावर पिवळं काहीतरी थापलेलं. त्यानं बोट लावून वास घेतला. तूप. घरचं, कढवलेलं. आणि हळद.

त्यानं मान वर केली. कमलबाई गाडीतून उतरून भिंतीवरचं कॅलेंडर मन लावून वाचत होती. तिला वाचता येत नाही हे शिवाप्पाला ठाऊक होतं. चोराच्या मनात चांदणं!

पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळतात. वर्षभर जू ओढलेल्या जिवाला तेवढाच आराम. गोठ्यात बैल नाहीत, म्हणून म्हातारीनं गाडीचे खांदे मळले होते. उजवं चाक भिंतीला लागून असणार, तिथं हात पोचला नाही. डाव्या चाकाच्या भोकांतून मात्र तिनं मायेनं आतपर्यंत बोटं घातली होती. म्हणून उजवं चाकच धरायचं आणि गाडी तिकडं ओढायची.

बोलावं तर लेकासमोर म्हातारीची शोभा. न बोलावं तर पुढच्या पोळ्याला पुन्हा तेच, आणि दरवेळी ट्रकवाला सांभाळून घेईल असं थोडंच आहे? शिवाप्पानं पहिल्यांदाच आपला नियम मोडला.

"भुजंगराव, स्टँडाजवळच्या दुकानातून ह्येचं रबराचं किट अन् नवे पॅड घेऊन या. चहाबी पिऊन या."

भुजंगनं आईकडं पाहिलं, शिवाप्पाकडं पाहिलं आणि काही न विचारता गेला.

"मावशी, कॅलेंडर वाचून झालं आसंल तर इकडं या."

ती आली. शिवाप्पानं कॅलिपर सोडवून हवेच्या दाबानं आतला पिस्टन बाहेर काढला. पावसाळाभर उभ्या गाडीला गंज धरला होताच. वर तूप वितळून आत गेलं आणि रबर फुगून बसलं.

"तुमचं चुकलं यवढंच, की खांदा सोडून खूर मळला," तो बॉनेटवर हात ठेवत म्हणाला. "गाडीचा खांदा हितं. वझं वढणारं इंजिन ह्येच्याच खाली हाय. चाक म्हंजी खूर. खुराला कोनी तूप लावतंय का? बैल घसरंल की!"

कमलबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "आगं माय! जलमभर बैलं पाळली, अन् यवढं कळलं न्हाई मला?" मग हळूच, "भुजंगाला सांगशील?"

"गंज व्हता, त्येबी खोटं न्हाई."

भुजंग सामान घेऊन आला. गंज वरवरचाच होता. शिवाप्पानं पिस्टन घासून लख्ख केला, नवं रबर ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बसवलं आणि ह्याला दुसरं कुठलंच तेल-तूप चालत नाही, हे जरा मोठ्यानंच सांगितलं. चकती पुसली, नवे पॅड घातले. नळीतली हवा काढताना पेडल दाबायचं काम एरवी चन्नबसम्माचं. आज तिनं कमलबाईला पुढं बसवलं.

"दाबा मावशी. धरा. आता सोडा," शिवाप्पा चाकापाशी बसून सांगत होता.

"पयलं पोकळ लागायलं," म्हातारी म्हणाली. "आता कसं घट लागायलंय!" तिला हसू आवरेना.

उतारावर चन्नबसम्मा पुढं, मायलेक मागं. शिवाप्पानं ब्रेक दाबला. गाडी नाकासमोर उभी राहिली. "लागला," चन्नबसम्मा म्हणाली, म्हणजे पास.

परतल्यावर भुजंगनं शिवाप्पाला बाजूला घेतलं. "आप्पा, तुपाचा वास मलाबी आलता. पर आईला 'गाडीला हात लावू नको' म्हनायचं कसं? त्यापरीस गाडी इकणं सोपं वाटलं." शिवाप्पानं त्याच्या पाठीवर थाप मारली, तेलाचा पंजा उमटला तरी.

यंदा खांदेमळणीला भुजंगनं नवराबायको दोघांनाही घरी बोलावलं. कमलबाईनं बॉनेट तूप-हळदीनं मळलं, चाकांवर नुसतं ओलं फडकं फिरवलं. वाटीत थोडं उरलं. "वाया कशाला घालवायचं?" म्हणत तिनं शिवाप्पाला पाटावर बसवलं, सदरा उतरवायला लावला आणि त्याचे दोन्ही खांदे चोळायला घेतले. तो "आवं मावशी, आवं मावशी" करत राहिला. त्याला फार बरं वाटत होतं आणि ते लपवता येत नव्हतं.

"रगडा चांगलं," चन्नबसम्मा म्हणाली. "फकस्त पायाला लावू नका. ब्रेकवरून घसरंल, अन् शेजारी मला बसायचं आसतंय."