मी पुसलेला बिबट्या

आमच्या घरच्या बिबट्याचं वासरू मी केलं. भर दुपारी, सिल्वासाच्या आमली भागातल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात, पूर्ण शुद्धीवर असताना.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमचे हे सिल्वासाला सरकारी कचेरीत, मी शाळेत शिक्षिका. ह्यांना जंगली प्राण्यांचे फोटो काढायचं वेड. (प्राणी बहुतेक वेळा फोटोच्या बाहेर असायचे.) पण एकदा तिन्हीसांजेला खानवेलहून स्कूटरवर येताना ह्यांना गवतात खरोखरच बिबट्या दिसला, आणि ह्यांनी चक्क फोटो काढला! कॉलनीत कोणी विश्वास ठेवीना. शेजारच्या पाटीलवहिनी धुळ्याकडच्या, फटकळ.

"भाऊ, मोठा बोका व्हता का?"

"फोटो धुऊन येऊ द्या!" हे म्हणाले आणि वन्यजीव सप्ताहाच्या प्रदर्शनात जागा सांगून आले.

फोटो आला. बिबट्या होता, पण त्याच्यावर कोणीतरी मूठभर रेती उधळल्यासारखे दाणेच दाणे! कॉम्प्युटरवर असे फोटो साफ होतात असं कळलं. ह्यांना सुट्टी मिळेना, म्हणून फोटो माझ्या हाती आला.

"जपून करून आण," हे म्हणाले. फोटो साफ करताना जपायचं काय, हे तेव्हाच विचारायला हवं होतं.

दुकानदार दिनेशभाईंनी फोटो पडद्यावर आणला. "बेन, दोन सॉफ्टवेअर आहे. एक दाना काढते, दुसरा धार लावते. कुठला लावू?"

"आधी दाणे."

"थोडाच काढू ने?"

"थोडे कशाला? तांदूळ निवडताना निम्मे खडे ठेवतो का आपण?"

रेती गेली. आकाश पुसल्यासारखं झालं, गवत विंचरल्यासारखं. मला इतका आनंद झाला म्हणता! "अजून!"

"बेन, ठिपका पण जाते."

"धार लावली की येतील परत." (हे मी कशाच्या आधारावर म्हटलं, देव जाणे. पण वर्गातल्या आवाजात म्हटलं, त्यामुळे त्यांना पटलं.)

धार लावली. ठिपके आले नाहीत. गवताच्या मात्र तारा झाल्या आणि जनावराला दणदणीत मिशा फुटल्या.

"बघा!" मी म्हटलं.

"मिशी तो आली बेन," दिनेशभाई हळूच म्हणाले, "पण दीपडो गेला." (दीपडो म्हणजे गुजरातीत बिबट्या.)

"मोठा छापा. मोठा झाला की दिसेल."

संध्याकाळी पाटीलवहिनींच्या समोरच कागद उलगडला. वहिनी म्हणाल्या, "व माय! हाई तं वासरू शे!"

"वासराला मिशा असतात का?" मी भांडले.

हे रागावले नाहीत. तेच जड गेलं. फोटोकडे बघत म्हणाले, "तो दिसला तेव्हा असाच धूसर होता गं. उजेड संपत आलेला. ते दाणे म्हणजे…"

खडे म्हणून मी काढून टाकली होती ती ह्यांची सगळी संध्याकाळ होती. पर्समधून मूळचा छोटा फोटो काढला, पुठ्ठ्यावर चिकटवला आणि दुकानात दिनेशभाई काय काय म्हणाले ते सगळं सांगत ह्यांच्या पुढ्यात ठेवला.

प्रदर्शनात तोच लागला. मोठमोठ्या चकचकीत फोटोंमध्ये अगदी एवढासा. पाटीलवहिनी आल्या, नाक लावून बघू लागल्या. नुसते दाणे! कंटाळून दोन पावलं मागे सरल्या आणि तिथेच थबकल्या.

"भाऊ," आवाज एकदम खाली आला, "हा तं आपल्याकडंच बघतोय."

हे नुसते हसले. ते हसू पुढे आठवडाभर घरात होतं.

मिशीवालं वासरू वहिनींनी मागून नेलं. पोळ्याला त्याला हार घालतात. छोटा फोटो आमच्या बैठकीत आहे. दिवाळीच्या साफसफाईत त्याची काच पुसायला मी फडकं घेऊन निघाले, की हे पेपरातून मानही वर न करता विचारतात,

"बेन, थोडाच काढू ने?"