आम्ही

सांगलीच्या मावशीने स्थळं आणून आणून वैताग आणला, म्हणून मी खोटंच लग्न ठरवलं. नवरदेव कॉलेजातला मित्र, साताऱ्याकडच्या सरदार घराण्यातला. उपकार केल्यासारखा तयार झाला. भिंतीवरच्या गंजक्या तलवारी सोडल्या तर घराण्याचं काही उरलेलं नाही, पण हा स्वतःला ‘आम्ही’ म्हणतो.

त्याला मावशीकडे दाखवायला नेलं. मावशीने पोहे पुढे केले. “आम्ही पोहे खात नाही.” मग सगळ्यांदेखत मला म्हणाला, “आमच्यात सुना डोक्यावर पदर घेतात.”

मी कानात म्हटलं, “अरे, नाटक आहे हे!”

“नाटकातही आम्ही घराण्याची अब्रू सांभाळतो.”

निघताना स्वतःच्या गाडीपाशी थांबून गंभीरपणे म्हणाला, “आम्ही विचार केला. तू आम्हाला खरोखरच पसंत आहेस.”

“एवढ्या सगळ्यांशी मी एकटी कसं रे लग्न करू?” म्हटलं आणि रिक्षाला हात केला.