अण्णांच्या दातांचं ठरलं तेव्हा

माझ्या वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, शेवटचा दात पडला तेव्हा ते साठीच्या आसपास होते. कवळी बसवायची वेळ आली आणि अण्णा अडून बसले. त्यांच्या थोरल्या भावाची कवळी एका लग्नात, भर पंगतीत, आमटीच्या वाटीत पडली होती आणि अण्णा शेजारच्याच पानावर होते. तेव्हापासून कवळी हा शब्द काढला, की ते उठून गोठ्यात जायचे.

आमचं घर जैनांचं, आष्ट्याजवळच्या मळ्यात. दिवस मावळला की जेवण बंद. त्यानंतर घास नाही की पाण्याचा घोट नाही. पूर्वी अण्णांचं जेवण वीस मिनिटांत उरकायचं. आता हिरड्यांनी भाकरी चघळायची म्हणजे सव्वा तास. थंडीत तर ताटात अर्धी भाकरी असतानाच उजेड जायचा आणि अण्णा निमूट हात धुवायचे. दुधात कुस्करून खा म्हटलं तर म्हणायचे, "मी काय तान्हं पोर हाय?" माणूस वाळत चालला होता, पण ऐट तीच.

मी तेव्हा साताऱ्याला शाळेत शिकवत होते. दर शनिवारी एसटीनं घरी यायचे आणि अण्णांशेजारी पाटावर जेवायला बसायचे. त्यांचं ते चघळणं बघून माझा जीव तुटायचा, आणि जीव तुटला की मी चिडते. शाळेतल्या एका बाईंकडून कळलं, की आता जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर अख्खी बत्तिशी पक्की करतात. काढघाल नाही, पडायची भीती नाही. मी तो विषय लावूनच धरला. अण्णांनाही कल्पना बेहद्द आवडली. "म्हंजे इंजनागत नटबोल्ट," ते म्हणाले आणि बोळक्या तोंडानं खूप वेळ हसत राहिले.

आम्ही तिघं सांगलीला गेलो. आईला बरोबर न्यावंच लागे, कारण दवाखान्यात अण्णा घाबरायचे, आणि हे घरात कुणी बोलायचं नसे.

डॉक्टर तरुण होते, ही विद्या नुकतीच शिकून आलेले. त्यांनी प्लास्टरचा जबडा हातात घेऊन सगळं समजावलं. खालचं हाड चांगलं होतं. वरचं झिजलं होतं, तिथं हाडाची पूड भरावी लागणार होती.

"पूड कुणाच्या हाडाची?" अण्णांनी विचारलं.

"बहुतेक गुरांच्या."

अण्णांनी तोंड मिटून घेतलं. डॉक्टर घाईनं म्हणाले, की तुमच्याच कमरेचं हाड थोडं काढूनही चालेल.

"मग कमरंचं घ्या की. कमरंला कुठं भाकरी चावायची हाय?"

खर्च ऐकूनही मी माघार घेतली नाही. राहिला वेळ. हाड जुळायचं, मग स्क्रू मुरायचे, मग दात. वर्ष तरी सहज जाणार होतं. तोवर खाणं मऊ आणि सावकाश.

"सावकाशीचं काय न्हाई," अण्णा म्हणाले. "आत्ताबी सव्वा तास लागतोच. गरम गरम एकेक भाकरी ही करून वाढती. गार झाली की चावत न्हाई."

डॉक्टर सांगलीचेच, आमच्या घरांची रीत जाणणारे. त्यांनी आईकडे बघितलं. "आणि काकू, तुम्ही कधी जेवता?"

"यांचं झालं की."

"तेव्हा तर दिवस मावळलेला असतो."

आईनं पदर सारखा केला. "आवं, कवा घावतं, कवा न्हाई."

गेला सगळा हिवाळा मी अण्णांच्या घासांवर डोळा ठेवून होते. चुलीपुढे पाठमोरी बसलेली आई मला दिसत होती, आणि तिच्या ताटाचा विचार एकदाही मनात आला नव्हता. मला माझीच शरम वाटली.

अण्णांनी डॉक्टरांच्या हातातला प्लास्टरचा जबडा घेऊन टेबलावर ठेवला. "डॉक्टरसायेब, कवळी किती दिवसांत हुईल?"

"तीन आठवड्यांत."

"घ्या माप."

"अहो, पण ती सुरुवातीला हलेल, टोचेल. स्क्रूचं काम त्याहून पक्कं."

"आसंल. वरीसभर थांबायचं न्हाई मला."

मी काही बोलणार तोच अण्णांनी हातानं मला गप्प केलं आणि तोंड उघडलं.

घरी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. आई सवयीनं चुलीकडे वळली, तर अण्णांनी तिला आपल्या पाटावर बसवलं. "आवं, तुमच्या आधी कसं?" म्हणून ती दोनदा उठली. तिसऱ्यांदा अण्णांनी सांगितलं, "तू जेवल्याबिगर मी ताटाला हात लावणार न्हाई." मग ती बसली. भाकरी मी थापल्या, जाड आणि कडेनं चिरलेल्या. नावं ठेवतील म्हणून मी दोघांकडे पाठ करून बसले होते. पहिली भाकरी संपवून आई जरा घुटमळली. मग हळूच म्हणाली, "आजून एक दे गं, भूक हाय."

आईला भाकरी मागताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.