जीपमधली चौथी जागा

धाकटे दीर मे महिन्यात सुट्टीवर आले आणि पहिल्याच संध्याकाळी त्यांनी आमच्या बैठकीत ओमानचा नकाशा पसरला. तिथल्या एका प्रवासाला तीन माणसं आधीच ठरली होती. मला कुणी विचारलंही नव्हतं.

दीर मस्कतला रस्ते बांधणाऱ्या कंपनीत होते. दिवाळीच्या सुमारास त्यांची बदली दक्षिणेला सलालाला होणार होती आणि सामानासकट जीप घेऊन वाळवंटातून तिकडे जायचं होतं. हजारेक किलोमीटरची वाट, डांबर थोडं, बाकी खडी आणि वाळू. सोबत त्यांच्याच कंपनीतला कोडोलीचा मेकॅनिक मित्र, तोही तेव्हा सुट्टीवर आलेला. आणि हौस म्हणून आमचे हे. तोवर ह्यांचा मोठ्यात मोठा प्रवास म्हणजे चंदगडला मामेबहिणीच्या लग्नाला, तोही एसटीत उलट्या करत.

“मी पण येणार,” मी म्हटलं.

दीर हसले असते तर बरं झालं असतं. ते समजावायला लागले. “वहिनी, प्रश्न तुमचा नाही, पाण्याचा आहे. वाटेत पाणी मिळेलच असं नाही. सगळ्यांचं प्यायचं पाणी, वर जीपचं. मागच्या अर्ध्या सीटवर पाण्याचे डबे लागणार. तिथं तुम्ही बसलात तर डबे कुठं ठेवू?”

“तेवढे डबे कमी केले तर?”

“तहान कशी कमी करणार?”

मी त्यांनी लिहिलेली शिधायादी उचलून वाचली. सुकं मटण, भडंग, हिरव्या मिरचीचा खर्डा, लसणाची चटणी, लोणचं, शेव. वाळवंटात निघालेली माणसं सोबत विस्तव बांधून घेत होती.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या शाळेत मी शिकवत होते, तिथल्या सहली बरीच वर्षं मीच काढत होते. मुलांच्या डब्यात चिवडा-लोणचं असलं की आमचं पाण्याचं पिंप पन्हाळ्याचा घाट चढायच्या आत रिकामं होऊन वाजायला लागायचं. दहीभात असला की परतीच्या वाटेवरही त्यात पाणी असायचं. शिवाय तेलकट ताटं घासायला पाणी लागतं ते वेगळंच. ह्या तिघांच्या बोलण्यात भांडी घासण्याचा विषयच नव्हता. त्यांनी भांडी कधी घासली असती तर आला असता.

मी दिरांना म्हटलं, “दोन रविवार द्या. आमच्या गच्चीवरची पत्र्याची खोली मे महिन्यात वाळवंटच असते. प्रत्येकाला एक डबा पाणी. पिणं, हात धुणं, ताट धुणं, सगळं त्यातच. पहिल्या रविवारी तुमच्या यादीतलं जेवण, दुसऱ्या रविवारी माझं. माझ्या जेवणावर सूर्य मावळताना निम्मं पाणी उरलं, तर जागा माझी.”

दिरांना प्रयोग पटला. मित्र तर मांडी ठोकून म्हणाला, “एक दिवस काय, आठवडाभर बसतो की!”

पहिल्या रविवारी जेवण झकास झालं. मीच केलं होतं, त्यात मुद्दाम कसूर केली नाही. पण मटणाच्या तेलाचे हात आणि ताटं धुता धुता डबे हलके झाले, आणि खर्ड्यानं उरलेलं काम केलं. दुपारचा चहा व्हायच्या आत तिघांचेही डबे कोरडे.

मित्र जिन्याकडे बघत म्हणाला, “वहिनी, खालच्या नळाला तोंड लावलं तर चालतंय न्हवं?”

“वाळवंटात नळ हाय?” मी त्याच्याच भाषेत विचारलं.

“न्हाय.”

“मग बसा.”

दुसऱ्या रविवारी मी दुधात मळलेल्या ज्वारीच्या दशम्या केल्या आणि चौथा डबा घेऊन स्वतःही बसले. त्यासोबत गूळ, शेंगदाणे आणि जिरं-मीठ लावलेले उकडलेले बटाटे. घामातून मीठ जातं, म्हणून पाण्यात थोडं मीठ, साखर, लिंबू. ताट नाहीच. दशमी हातावर घ्यायची आणि खायची.

मित्रानं दशमी उलटून पालटून पाहिली. “हे जेवान हाय? मी काय बाळंतीण हाय व्हय?”

“बाळंतिणीला तूप मिळतं. तुम्हाला तेही नाही.”

ह्यांनी दोन घास निमूटपणे खाल्ले आणि हळूच विचारलं, “अगं, एखादी मिरची तरी?”

“घ्या की. पाणी मात्र तुमच्याच डब्यातलं.”

ह्यांनी मिरची घेतली नाही.

ऊन उतरल्यावर दिरांनी डब्यांची झाकणं काढली. माझ्या, ह्यांच्या आणि त्यांच्या स्वतःच्या डब्यात निम्म्याहून जास्त पाणी होतं. मित्राच्या डब्याचा तळ दिसत होता. दिरांनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या सदऱ्याच्या खिशाकडे. खिशातून केळीच्या पानाची पुडी निघाली. आत खर्डा होता.

“आता आणखी काय पुरावा पाहिजे?” दीर म्हणाले. “जागा तुमची. पण शिधा आणि पाणी तुमच्या ताब्यात. आम्हाला कळवळून जास्त पाणी दिलंत तर मधेच चौघंही अडकू.”

“मला कळवळा येत नाही,” मी म्हटलं. ते खरंच होतं.

दिवाळीच्या सुट्टीत निघालो. पेट्रोल दिरांचं, बोटीची तिकिटं आमची. माझ्या तिकिटाला मी माझी भिशी लावली, ह्यांच्याकडे हात पसरला नाही. त्या काळी परकीय चलन हातात इतकं कमी मिळायचं, की तिथल्या बाजारावर भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता. म्हणून गूळ, शेंगदाणे, ज्वारीचं पीठ सगळं कोल्हापूरहून नेलं. दशम्या मस्कतला दिरांच्या खोलीत निघायच्या आदल्या दिवशी भाजल्या.

वाळवंटाबद्दल मी फार लिहिणार नाही. ते सपाट असतं आणि संपत नाही. दुसऱ्या दिवशी दगड लागून जीपच्या रेडिएटरची नळी फाटली. मित्रानं ती कापून, तारेनं आवळून बसवली, पण तोवर पाणी वाळूत गेलं होतं आणि आमचा दिवस मोडला होता. रेडिएटरला दोन डबे लागले. ते ओतताना तिघंही उरलेल्या डब्यांकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघत होते. नंतर मी पेला भरून दिला की कुणी दुसरा मागत नव्हतं. खर्ड्याचं तर नावही निघालं नाही.

सलालाजवळ पोचलो तेव्हा समोर नारळाची झाडं दिसली, अगदी कोकणात उतरल्यासारखी. विहिरीवर पंप चालू होता. मित्रानं जीपमधून शेवटचा भरलेला डबा उतरवला.

“वहिनी, ह्यो आता ओतून टाकू?”

“हात लावू नका.”

मी दगडावर बसले, अंबाडा सोडला आणि त्या पाण्यानं केस धुतले. केसांतून वाळू निघत होती. पंप दहा पावलांवर होता, पण हे पाणी माझं होतं. तिघं उभे राहून बघत होते. दिरांनी पुढं होऊन डबा धरला आणि ते मी सांगेन तशी धार सोडू लागले.